पहिल्या दिवशी चाक नको

वाचकांचे प्रश्न : मातीकाम

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या वाचनालयामागच्या दोन खोल्या आम्ही काही जणांनी मिळून साफ केल्या, वर्गणी काढून तीन विजेची चाकं आणि एक छोटी विजेची भट्टी घेतली आणि तिथे शनिवार-रविवार नवख्यांना मातीकाम शिकवायला लागलो. त्याला आता नऊ वर्षं झाली. मागच्या अंकात त्याविषयी चार ओळी लिहिल्या, तर नागपुरातूनच इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या निवडल्या आहेत.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी दोन तासांचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी बारा जण आले. चाकं दोन. प्रत्येकाला चाकावरच बसायचं होतं, म्हणून आळीपाळीने बसवलं. कुणाचंच धड काही होईना, शेवटी मीच सगळ्यांची भांडी नीट करून दिली. तिसऱ्या रविवारी पाच जण उरले. माझं काय चुकलं?
(एक वाचक, मनीषनगर)

ताई, दोन गोष्टी झाल्या आहेत. एक म्हणजे चाक फार लवकर आलं. दुसरी म्हणजे भांडी तुम्ही नीट करून दिलीत, आणि मला ही दुसरी जास्त खटकते.

आधी चाकाचं. बारा माणसं, दोन चाकं, दोन तास, म्हणजे माणशी २० मिनिटं. चाकावरचं सगळ्यात अवघड काम अगदी सुरुवातीलाच असतं, फिरता गोळा बरोबर मध्यावर आणणं. तो मध्यावर नसेल तर पुढे काहीच होत नाही. भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि शेवटी सगळं कलंडतं. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना हे जमायला सहा-सात बैठका लागतात. २० मिनिटांत माणूस एवढंच शिकतो की आपल्याला हे येत नाही. तो पुढच्या रविवारी कशाला येईल?

माझ्याकडे पहिल्या दिवशी चाकं झाकलेली असतात. प्रत्येकाला ४०० ग्रॅम माती, ओंजळीत बसेल एवढा गोळा. तो डाव्या तळव्यात धरायचा, उजवा अंगठा मधोमध रुतवायचा आणि तळाशी करंगळीएवढी जाडी उरली की थांबायचं. मग गोळा थोडा थोडा फिरवत अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये भिंत दाबत वर यायचं. अर्ध्या तासानंतर मी डोळे मिटायला सांगते. ज्यांनी घरी ज्वारीची भाकर थापली आहे त्यांना हे लगेच उमजतं. भाकर कुठे जाड राहिली हे पाहावं लागत नाही, हाताला कळतं. ज्यांनी थापलेली नाही त्यांचंही बोट तासाभरात जाड-पातळ ओळखायला लागतं.

मग दोरा घ्यायचा आणि वाटी मधोमध कापायची. हे मी आधीच सांगून ठेवते, की आजची पहिली वाटी कापायची आहे, दुसरी राहील. कापल्यावर भिंतीचा छेद दिसतो. जवळजवळ प्रत्येकाच्या वाटीत तळाच्या कोपऱ्यात मातीचा गठ्ठा राहिलेला असतो आणि काठ कागदासारखा झालेला असतो. मला काही बोलावं लागत नाही. दुसरी वाटी प्रत्येक जण त्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवून करतो आणि तीच भट्टीत जाते.

चाक चौथ्या बैठकीला. पहिले दोन दिवस फक्त मध्यावर आणायचं, कापून टाकायचं, पुन्हा बसवायचं. आणि कोपर मांडीला टेकलेलं हवं. हवेत तरंगणाऱ्या हाताला माती ढकलते, टेकलेल्या हाताचं तिला ऐकावं लागतं.

आता हात लावण्याचं. माझ्या दुसऱ्या वर्षी एक निवृत्त बाई यायच्या. त्यांचा वाडगा एका बाजूला झुकला होता. मी चाक चालू केलं, दोन बोटं लावली, वाडगा सरळ झाला. त्या ‘छान’ म्हणाल्या. वाडगा भाजून आला, फळीवर ठेवला. त्या दर आठवड्याला यायच्या, पण तो काही नेईनात. दोन महिन्यांनी विचारलं तर म्हणाल्या, “तो तुमचा आहे ना.” ते मला फार लागलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या भांड्याजवळ जाताना मी हातात ओलं फडकं धरते, म्हणजे बोटं मोकळी नसतात. दाखवायचंच असेल तर शेजारी बसून माझ्या गोळ्यावर दाखवते. त्यांचं कोसळलं तर कोसळू देते.

उरलेल्या पाच जणांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. गेलेल्या सात जणांना फोन करा आणि झालं ते मोकळेपणाने सांगा. काही नक्की परततील.

मे महिन्यात आमच्याकडच्या कपांचे कान सुकताना गळून पडतात आणि बशांना भेगा जातात. हीच माती पावसाळ्यात चांगली वागत होती. माती बदलू का?
(एक वाचक, प्रतापनगर)

माती बदलू नका. तुमच्या खोलीत कूलर कुठे आहे ते आधी पाहा.

माती सुकताना आक्रसते. आपण वापरतो त्या लाल मातीची फक्त सुकतानाच शेकडा ५ ते ८ इतकी लांबी कमी होते. सगळं भांडं एकदम आक्रसलं तर काही बिघडत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात कूलरचा झोत एका बाजूने येतो, काठ दोन तासांत सुकतो आणि फळीला टेकलेला तळ ओलाच राहतो. काठ लहान व्हायला बघतो, तळ त्याला होऊ देत नाही. मग जिथे कमकुवत असेल तिथे फाटतं. कानाचंही तेच. कान पातळ, त्याला सगळीकडून हवा. तो कपाच्या आधी सुकतो आणि स्वतःला सांध्यातून ओढून काढतो.

कान आणि कप एकाच ओलीचे असताना जोडा. ओळखायची खूण सांगते. माती ओल्या खोबऱ्यासारखी झाली पाहिजे, नख रुतेल पण ती वाकणार नाही. दोन्ही बाजू खरवडा, मध्ये त्याच मातीची घट्ट राबडी लावा, दाबा, सांध्याभोवती बारीक वळी फिरवून बोटाने बसवा. मग लगेच सुकवायचं नाही. आख्खा कप प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर, म्हणजे कानाची आणि कपाची ओल एक होते. दुसऱ्या दिवसापासून पिशवी थोडी थोडी उघडा. बशा काठ धरेल एवढ्या घट्ट झाल्या की उलट्या करा.

आमच्याकडे एका बंद पडलेल्या फ्रीजमध्ये अर्धवट कामं ठेवतो. खाली एका परातीत पाणी, दार बंद. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तिथे भांडं आठवडाभर कापता येण्याजोगं राहतं. त्या दिवसांत वर्गही सकाळी साडेसहाला घेतो, साडेआठला बंद. त्यानंतर मातीही तापते आणि माणसंही.

एक तपासा मात्र. भेग तळाच्या मधोमध नागमोडी, इंग्रजी एस अक्षरासारखी असेल, तर दोष सुकवण्यापेक्षा चाकावरचा जास्त आहे. तळ उघडल्यावर तो बोटांनी मध्याकडे दाबून घट्ट केलेला नसतो, किंवा आत पाणी साचू दिलेलं असतं. पाणी स्पंजने टिपा, तळ तीन-चार वेळा दाबा. काठापासून आत येणारी भेग असेल तर ती उन्हाळ्याची.

भट्टीत एका मुलाचं घोडं फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी इतर सहा जणांची भांडी गेली. मुलाची आई म्हणते माती वाईट होती. इतर पालक म्हणतात मुलाने हवेचे बुडबुडे ठेवले. दोष कुणाचा?
(एक वाचक, नंदनवन)

भट्टी ज्याने लावली त्याचा. म्हणजे तुमचा. माझ्याकडे फुटतं तेव्हा माझा असतो.

बुडबुड्यांना फार बदनाम केलं आहे. फोडतं ते पाणी. जाड मातीच्या पोटात ओल राहिलेली असते, १०० अंशांला तिची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या १६०० पटींहून जास्त जागा लागते. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर ती भिंत उडवते. मुलांच्या घोड्यांचं पोट भरीव असतं, वरून ते आठ दिवसांत कोरडं दिसतं, आत मात्र नसतं.

माझ्या पहिल्याच वर्षी, जुलै महिन्यात, पोळ्यासाठी मुलांनी केलेले बैल मी घाईने लावले. पाऊस लागलेला होता, दहा दिवस झाले होते, मला वाटलं पुरे. भट्टी उघडली तेव्हा १४ बैलांपैकी पाच शाबूत होते. मुलांना सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं. त्या दिवशी मी मुलांना भट्टीपाशी उभं करून झालं काय, चूक कुणाची, हे सगळं सांगितलं, आणि ती माझी होती असंही सांगितलं.

तेव्हापासून भांडं गालाला लावून पाहते. सुकलेलं भांडं खोलीइतकंच उबदार लागतं. गार लागलं तर पाणी अजून उडतंय. गालाला लावल्याशिवाय काहीही आत जात नाही, हे मुलांनाही पाठ झालं आहे. करंगळीहून जाड असलेली प्रत्येक वस्तू खालून पोकळ करून घेते आणि एक भोक ठेवते. भट्टी ८०-९० अंशांवर, झाकण बोटभर उघडं, रात्रभर. सकाळी झाकण लावून ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांहून जास्त वेग नाही, कारण मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांत निघतं आणि ५७३ अंशांला त्यातल्या गारगोटीचे कण अचानक फुगतात. पुढे ९५० पर्यंत नेऊन बंद. थंड होताना तोच ५७३ चा टप्पा उलटा येतो, म्हणून डोकावायचा मोह आवरा. १०० च्या खाली आल्याशिवाय आमच्याकडे झाकण उघडत नाहीत.

ज्यांची भांडी फुटली त्या सहा जणांना एक वर्ग फुकट द्या. त्या मुलाला नवीन घोडा करू द्या, पोकळ.

आमची काटोलकडे शेती आहे, काळी कसदार जमीन. मातीची पोती विकत घेण्याऐवजी शेतातली माती वापरली तर?
(एक वाचक, काटोल रोड)

काळी माती कापसाला सोनं आहे, भांड्याला एकटी चालणार नाही. कारण तुम्ही शेतात रोज पाहता. मे महिन्यात जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनमध्ये पाणी पिऊन ती फुगते. तेच तुमच्या वाडग्यात होईल. शिवाय आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग महिनाभराने हवेतली ओल पिऊन तो फुलतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो. पावसाळ्यात तर फळीवर ठेवल्या ठेवल्या.

तरी हात लावूच नका असं मी म्हणणार नाही. शेताजवळ तळं किंवा नाला असेल तर त्याच्या गाळाचा गोळा घ्या. त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. गाळाची पाण्यात पातळ राबडी करून ८० नंबरच्या जाळीतून गाळा, खाली बसू द्या, वरचं पाणी काढा. तयार मातीची पट्टी करा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सुकल्यावर मोजा, भाजल्यावर मोजा. एक मिलिमीटर कमी म्हणजे शेकडा एक आक्रस. बारा-तेराच्या पुढे गेलं तर बारीक रेती मिसळून पुन्हा पट्टी करा. विद्यार्थ्यांसमोर करा हे. एका रविवारात त्यांना जे कळेल ते पोत्यातल्या मातीने वर्षभर कळत नाही.

पण वर्गाला नेहमी लागणारी माती विकतच घ्या. नवख्याला रोज एकसारखी वागणारी माती हवी.

गावाकडच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजलेल्या माझ्या मडक्यावर काळा डाग आला. खराब झालं का?
(एक विद्यार्थी, सक्करदरा)

नाही. तिथे हवा पोचली नाही, धूर मातीत मुरला. आपल्या नागपूरजवळच्या माहुरझरी आणि टाकळघाट-खापाच्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती दगडांचं कडं रचलेल्या जुन्या दफनांत, अडीच हजार वर्षांहून जुनी भांडी निघाली आहेत, आतून आणि काठाला काळी, पोटाला तांबडी. त्या कुंभारांना हा काळा हवा होता. जपून ठेवा.

शाळेत मातीकामाची खोली मिळाली आहे. साफसफाई आणि बेसिन तुंबणं, यावर काही सुचवाल का?
(एक शिक्षक, हिंगणा)

सर, झाडू खोलीबाहेर ठेवा. सुकलेल्या मातीची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि तिच्यातली सिलिका तिथून निघत नाही. सिलिकोसिस हा खाणकामगारांना होणारा आजार याच धुळीने होतो. मुलं आठवड्यातून एकदाच येतात, तुम्ही रोज तिथे असाल, म्हणून तुमच्यासाठी सांगते. टेबल ओल्या स्पंजने, फरशी ओल्या पोछ्याने. सुक्या मातीची भुकटी करायची वेळ आली तर मास्क लावून, अंगणात.

बेसिनमध्ये हात धुवायचेच नाहीत. तीन बादल्या ओळीने ठेवा, हात पहिलीत, दुसरीत, तिसरीत. रात्रभर गाळ बसतो, वरचं पाणी झाडांना, गाळ परत मातीत. उरलेले तुकडे पूर्ण कडकडीत सुकवून मग पाण्यात टाका. अर्धवट ओली माती पाणी पीत नाही, कोरडी काही मिनिटांत विरघळते. हा चमत्कार मुलांना दाखवा, सगळी पोट्टी बादलीभोवती गोळा होतील.

आमच्या गटाने पूर्व नागपुरातल्या कुंभार वस्तीतल्या एका काकांना शिकवायला बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत माठाचा गळा काढला. कसं केलं विचारलं तर म्हणाले, ‘असंच करायचं.’ मुलांनी व्हिडिओ काढले, संपलं. पुन्हा बोलवावं का? आणि मानधन किती द्यावं?
(एक वाचक, इतवारी)

पुन्हा बोलवा, निदान चार वेळा.

मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी अशाच एका काकांकडे जाऊन बसायची. तेही मला ‘असंच’ म्हणायचे. वर्षभराने समजलं की माझा प्रश्नच चुकत होता. ‘कसं’ हे त्यांच्या हाताला माहीत आहे, ते शब्दांत कधी आलेलंच नाही. मग मी विचारायला लागले, ‘आत्ता का थांबलात?’ आणि उत्तरं यायला लागली. माठ थापटत होते, आत गोल दगड, बाहेरून लाकडी फळी, एकदम थांबले. मी विचारलं. म्हणाले, “आवाज बदलला ना जी. इथं पातळ झालं.” मी कान देऊन ऐकलं तेव्हा मलाही ऐकू आलं.

मुलांना काम वाटून द्या. दोघांनी फक्त डावा हात पाहायचा आणि त्याचं चित्र काढायचं. दोघांनी कोपर कुठे टेकतं ते. दोघांनी काका पाणी किती वेळा घेतात ते मोजायचं. ‘हळू करून दाखवा’ असं मात्र सांगू नका. त्यांचं चाक काठीने फिरवलेलं असेल तर त्याचा वेग सतत उतरत असतो, आणि वेग आहे तोवरच भिंत वर आणावी लागते. त्यांची घाई चाकाने शिकवलेली आहे. तुमच्या विजेच्या चाकावर बसवलंत तर पहिल्या दिवशी तेच अडखळतील. ते मुलांसमोर होऊ देऊ नका, आधी एकटे असताना सराव करू द्या.

आणि एकाच दिवसासाठी बोलावू नका. चाकावरून उतरलेला माठ जाड आणि छोटा असतो. त्याचं पोट नंतर, थोडा घट्ट झाल्यावर, थापटून मोठं करतात. खरी विद्या तिथे आहे आणि ती तुमच्या मुलांनी पाहिलेलीच नाही.

कधी बोलवायचं हेही विचार करून ठरवा. फेब्रुवारी ते मे त्यांच्या माठांचा हंगाम, अक्षयतृतीयेला घागरी, मग नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं. त्या दिवसांत तुमच्याकडे आले तर त्यांचं नुकसान होतं. जुलैमध्ये ऊन नसतं, आवा लागत नाही, हात रिकामे असतात. तेव्हा बोलवा.

मानधनाचं विचारलंत, बरं केलंत. तुम्ही स्वतः तासाला जेवढं घेता तेवढंच त्यांनाही द्या, एक रुपया कमी नको. जाहिरातीत ‘प्रात्यक्षिक’ लिहू नका, ‘शिक्षक’ लिहा. येण्याजाण्याच्या ऑटोचे पैसे वेगळे. पाकीट सगळ्यांसमोर नको, आल्या आल्या चहाबरोबर द्या, म्हणजे शेवटी थांबून राहावं लागत नाही. आणि व्हिडिओ काढायचे असतील तर आधी त्यांना विचारा. पहिला तास तरी फोन पिशवीत राहू द्या.